सैतानाचं घड्याळ

आमचं व्हॅलेटा शहर कसं फिरायचं ते मला विचारा! पंचावन्न वर्षं इथल्या पायऱ्या झिजवल्यात मी. सपाट बूट, चर्चमध्ये खांदे झाकायला शाल, बस थांबवायला लांबूनच हात, आणि सोबतीला ही च्येन्सा, म्हणजे मी. बस्स, झालं काम!

सिसिलीहून इन्यात्सियाबाई आल्या तेव्हाही हेच ऐकवलं. बाई स्टेशनमास्तरच्या विधवा. दर पाच मिनिटांनी मनगट बघायच्या. आमच्या लेकीला, मार्टेझला, सून करून घ्यायची की नाही, ते घरी पोचल्यावर कळवणार होत्या. म्हणून तर माझी एवढी धावपळ!

"विहीणबाई, ते घड्याळ टाका पर्समध्ये! आमच्या चर्चवर दोन-दोन असतात. एक खरं, एक खोटं."

"खोटं कशाला?"

"सैतानाला फसवायला! प्रार्थनेची वेळ त्याला कळता कामा नये."

"मी अजून विहीण झालेली नाही हं," बाई म्हणाल्या. पण घड्याळ टाकलं हो पर्समध्ये!

बंदरापलीकडे माझं सासर. होडीतून मागे वळून बघतात तर काय, अख्खं शहर उन्हात मधासारखं पिवळंधम्मक! बाई चक्क "वा!" म्हणाल्या. मी फुगले. मग सासरच्या चर्चसमोर बसून रिकोटा चीज भरलेली गरम, खुसखुशीत पास्तित्सी मागवली. बाईंचं परतीचं जहाज तीनचं. डावीकडच्या घड्याळात दीड.

"भरपूर वेळ आहे, अजून एक घ्या!"

चार खाऊन झाली, चहा झाला, मार्टेझचं सगळं बालपण सांगून झालं. वर बघते तर अजून दीडच!

"तुमच्याकडे वेळ किती सावकाश जातो!" बाई खूश!

तेवढ्यात नवऱ्याचा, कार्मनूचा, फोन. "पाहुण्यांची बॅग घेऊन धक्क्यावर उभा आहे मी! पावणेतीन वाजले!"

"छे! डावीकडचं घड्याळ तर..."

"अगं बाई, तुझ्या माहेरी सैतानाचं उजवीकडे, आमच्याकडे डावीकडे! काटे रंगवलेत त्याचे! तीस वर्षं संसार केलास ना?"

पळालो! होडी, चढ, टॅक्सी, उतार. सपाट बूट होते म्हणून हाडं शाबूत राहिली. धक्क्यावर पोचलो आणि जहाजाने आमच्याकडे पाठ फिरवली. गेलं पोरीचं लग्न!

बाईंनी जहाजाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि खो-खो हसत सुटल्या.

"विहीणबाई," त्या म्हणाल्या. हो, विहीणबाईच म्हणाल्या! "ते घड्याळ सैतानाला फसवायला ना? मग आपल्या दोघींतली सैतान कोण?"

कार्मनूने हातातली बॅगसुद्धा खाली ठेवली नाही. सरळ माझ्याकडे बोट दाखवलं!