व्हेंट साफ ठेवा!

इंग्रजीचं मला भय नाही, हे आधीच सांगून टाकतो. दरेकशाच्या अलीकडे डोंगराच्या कुशीत आमचं एवढंसं स्टेशन. तिथं मास्तर मी, तारबाबू मी आणि तिकीटबाबूही मीच! सहा वर्षं इंग्रजी तारा घेतल्या, दिल्या, एकदाही गडबड झाली नाही. त्यामुळे कोंबडीच्या पिल्लांच्या संगोपनाचा इंग्रजी कागद हातात पडला, तेव्हा मी स्वतःलाच म्हटलं, केशोराव, बदली झालीच समजा!

बदलीचं असं झालं. आमच्या मोठ्या साहेबांच्या मडमेनं कलकत्त्याहून पांढऱ्या विलायती जातीची बारा पिल्लं मागवली होती. खोकं घेऊन साहेब गोंदियाला निघाले होते, पण वाटेत शिकारीचा बेत ठरला आणि ते आमच्याच स्टेशनावर उतरले. आता वाघाच्या मागे पिल्लं कुठं न्यायची?

"बाबू, आठ दिन सम्हालो," साहेब म्हणाले. "बारा का बारा जिंदा मिला, तो जिसने सम्हाला, उसको हम गोंदिया ले जायेगा!"

गोंदिया! माझी बायको सुमित्रा गोरेगावची, तिची बहीण गोंदियाच्या बाजारात राहते. सहा वर्षांत आमच्या दारी पाहुणा एकच आला, तो बिबट्या. साहेबांचं बोलणं ऐकून सुमित्रानं त्याच दुपारी ट्रंक भरायला घेतली. मात्र बजावलं, "कोंबडीले मी हात लावणार नाही. आमच्या घरी अंडंबी चालत नाही."

"तू फक्त ऐक," असं म्हणून मी खोक्यासोबत आलेला कागद वाचून अर्थ सांगितला. "व्हेंट साफ ठेवावा. व्हेंट तुंबल्यास पिल्लू मरते. कोमट पाण्याने पुसावा, कोरडा करावा, किंचित तेल लावावे."

"व्हेंट म्हंजे काय जी?"

"हवेचं भोक. मालडब्याला असतं ना, तेच!"

रोजच्या कामातला शब्द, त्यात विचार कसला करायचा? पिल्लांच्या खोक्याला चार भोकं होती. ती मी कोमट पाण्यानं पुसली, फडक्यानं कोरडी केली आणि जवसाचं तेल लावलं. आमचा पोर्टर जंगलू पाण्याचं पातेलं धरून उभा होता.

"भोकाले तेल कायले लावता, बाबूजी?"

"इंग्रजीत लिहिलं आहे."

जंगलूनं पातेलं पुढे केलं. इंग्रजीपुढे कोण बोलणार?

दुसऱ्या दिवशी पिल्लं पंख पाडून, डोळे मिटून बसली. मागच्या बाजूला शीट वाळून डिंकासारखी घट्ट चिकटलेली. मी म्हटलं, असेल, लहान लेकरं आहेत! खरी अडचण हवेची. पौषातली थंडी होती, तरी मी खोक्याला आणखी सहा भोकं पाडली. सगळ्यांना तेल! पिल्लं आणखी मलूल झाली. मग पुढच्या स्टेशनच्या मुन्नालालबाबूंना तार केली: व्हेंट साफ, पिल्लं बेजार. मुन्नालालबाबूही मालडबेवालेच. त्यांचं उत्तर आलं: व्हेंट बडा करो.

बडा म्हणजे किती? खोक्याची एक बाजू काढून टाकली, तरी गुण येईना. तेव्हा मी जंगलूला पहार आणायला लावली आणि पिल्लं ठेवली होती त्या कोठीच्या भिंतीलाच हातभर भोक पाडलं. डोंगरावरचा वारा सरळ आत. मी शिडीवर चढून भोकाला तेल लावत होतो, तेवढ्यात सुमित्रा आली.

"तुमी भिताडाले तेल लावून राहिले? लोकं पायतीन तं काय म्हनतीन!"

"तुला गोंदियाला जायचंय ना?"

ती लगेच आणखी तेल घेऊन आली.

चौथ्या दिवशी सकाळी एक पिल्लू आडवं पडलं. सुमित्रा भरलेल्या ट्रंकेवर बसली आणि डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "मेलं का जी? मंग आता इथंच मराचं का आपुन?" मला खरोखर वाईट वाटलं. त्या पिल्लाचं, तिचं आणि थोडं माझंही.

इतक्यात जंगलूची बायको बायजाबाई सरपणाची मोळी टाकायला आली. तिनं न विचारता पिल्लू उचललं, उलटं केलं आणि मऊ पिसांवर फुंकर मारली.

"अगे माय! याचं बूड चिकटलं ना! हागाले वाटच नाही, तं जगंन कसं?"

"कागदात तसं काही नाही," मी म्हणालो.

"कागदाले बूड हाये का, बाबूजी?"

मी कागदाची घडी करून खिशात घातली.

तिनं कोमट पाण्यात फडकं भिजवून त्या जागी धरून ठेवलं. "ओढाचं नाही. कातडी येते संगं. भिजू द्या, आपोआप सुटते." शीट मऊ झाली, अलगद निघाली. मग पिल्लू कोरडं केलं, चुलीजवळ ऊब दिली, बोटानं किंचित तेल लावलं, तसे त्यानं डोळे उघडले. मीही उत्साहानं दुसरं पिल्लू उचललं आणि त्याच्या पोटाखालचा काळा ठिपका ओढायला गेलो, तर बायजाबाईनं माझ्या हातावर चापट मारली.

"ते बेंबी हाये! मारता का त्याले?"

मी कागद पुन्हा काढला. त्यात स्वच्छ लिहिलं होतं: 'पिल्लाचा व्हेंट.' म्हणजे पिल्लाचं बूडच! 'पिल्लाचा' हा शब्द मीच गाळला होता! तारेत शब्दागणिक आकार पडतो, म्हणून असले बिनकामाचे शब्द गाळायची मला सवय.

त्यानंतर राज्य बायजाबाईचं. तिनं भिंतीच्या भोकात बारदान कोंबलं, खोक्यात भाताची कोरडी तणस घातली आणि सिग्नलचा कंदील एका कोपऱ्यात ठेवला. "गरम झालं तं सरकाले जागा पायजे. अन् आधी पानी, मंग कणी." तिनं रोज सकाळी बारा बुडं तपासली. मी मोजायचं काम केलं.

आठव्या दिवशी साहेब वाघाशिवाय परतले. बारा पिल्लं मोजली, एक उलटं करून पाहिलं.

"व्हेंट एकदम साफ! किसने सम्हाला?"

मी छाती पुढे काढून तोंड उघडलं. पण बाराही पिल्लं धावत सुटली आणि दारात उभ्या बायजाबाईच्या पायांशी जमली. साहेबांनी तिकडे पाहिलं. मग भिंतीकडे पाहिलं.

"और यह क्या है?"

"वह... वह भी व्हेंट है, साहेब."

"किसका?"

"भिताड का, साहेब."

साहेब शब्दाचे पक्के! आठवडाभरात बदलीची तार आली. मीच घेतली आणि या खेपेला एकही शब्द गाळला नाही. पोर्टर जंगलू, बायकोसह, गोंदिया बंगला. माझं नाव कुठं गळालं की काय म्हणून तीनदा वाचली. नव्हतंच.

निघताना सुमित्रानं बायजाबाईच्या पदरात तिळाचे लाडू बांधले, बहिणीचा पत्ता सांगितला आणि रडली. गाडीला हिरवी झेंडी अर्थात मीच दाखवली! खिडकीतून बायजाबाई ओरडली, "बाबूजी, भिताड बुजवा! बाईले थंडी लागंन!"

त्याच दुपारी चिखल कालवून बसलो. भोकात सगळ्यात आधी तो इंग्रजी कागद कोंबला.