उद्या सांगणाऱ्या गादीची बखर

श्री. जन्म देऊन मरणही वेळेवर देणारा जो ईश्वर, त्यास साष्टांग नमस्कार. शके १९४८, पराभवनाम संवत्सर, आश्विन वद्य पंचमीस एका राज्यी रायाजीराजे देवाघरी गेले, आणि राणी रखमाऊसाहेब अग्निसंस्काराची तयारी करू लागल्या, तो प्रधान हैबतपंत आडवे आले आणि म्हणाले, "रडू नये. महाराज गेलेच नाहीत. देह बर्फाच्या तळघरात ठेवितो. पुढे विद्या वाढली म्हणजे उठवू. तोवर बुद्धी यंत्रात नांदेल." मग चाळीस वर्षांची पत्रे, भाषणे, आज्ञा कृत्रिम बुद्धीच्या यंत्रास चारिली, आणि यंत्र राजांच्याच आवाजात खाकरले, आणि पंतांनी ते गादीवर बसविले, आणि भल्या भल्या सरदारांनी त्यास मुजरे केले, हे या डोळ्यांनी पाहिले. लाज कशी वाटली नाही ते आजही कळत नाही. राणीबाई म्हणाल्या, "पंत, देह द्या." पंत म्हणाले, "देह महाराजांचा. त्यांसच विचारा." मग बाईंनी भरदरबारी अर्ज केला. यंत्र वदले, "बाब नाजूक आहे. विचार करून उद्या सांगू." दुसरे दिवशी तेच, आणि तिसरे दिवशीही तेच. धरणाचे पाणी कोणास सोडावे तेही उद्या. शेते करपली, आणि सरदार म्हणत, "हुबेहूब महाराज! असेच बोलत."

बोलत खरेच. अवघड गोष्ट आली की राजे दरबारात उद्यावर टाकीत, मग जेवताना बाईंस पुसत, "तुम्हांस काय वाटते?" आणि बाई भाकरी वाढता वाढता सांगत, आणि सकाळी तोच निकाल शिक्क्यानिशी सुटे. हे आम्हां वाढणाऱ्या बायकांस ठाऊक. पंतांस नाही, कारण बायकांचे बोलणे टिपावयास त्यांनी कधी कारकून ठेविला नाही.

सव्वा महिना लोटला. कारागिरांनी यंत्र उघडले, दोष सापडेना. तेव्हा स्वयंपाकघरातली गोदाक्का पंतांस म्हणाली, "अहो पंत, रात्री त्याला जेवायला कोण वाढतं? पुसणार कुणाला ते?" मग पंत उमजले आणि बाईंकडे धावले, "बाईसाहेबांनी रोज दोन घटका बोलावे, आम्ही टिपून घेऊ, म्हणजे महाराज पुरे होतील."

बाई उठून दरबारात आल्या आणि सर्वांदेखत म्हणाल्या, "चाळीस वर्षे मी येथेच होते, पंत. मेलेल्यास पुरे करावयास आज माझी आठवण झाली? तर उद्याचा निकाल आजच ऐका. पाणी खालच्या गावांस सोडा. देह बाहेर आणा." सरदारांनी याच धाटणीचे निकाल जन्मभर पाळिले होते; धाटणी ओळखली, माना खाली घातल्या आणि तळघराकडे निघाले. सूर्य मावळण्याआधी राजांस अग्नी मिळाला.

पुढे पंत काशीस गेले, तेथेच वारले. यंत्र शेजारच्या राज्याने मागून नेले. तेथे फार मानात आहे. गोदाक्का दुसरे वर्षी तापाने गेली. बाईंनी नऊ वर्षे राज्य केले आणि एका दुपारी शांतपणे गेल्या. त्यांच्याच आज्ञेवरून त्यांचा आवाज कोणी यंत्रात ठेविला नाही. पंतांचे लिहिणे दप्तरात बारा कपाटे आहे, बाईंची एक ओळ नाही, म्हणून म्हातारपणी ही बखर लिहिणे पडले.