ब्रुकलिनला जाण्याचे एकमताने नाकारलेले मार्ग

अज्ञान कबूल करणाऱ्या माणसामुळे समाजाची घडी विस्कटते. म्हणून न्यूयॉर्कमध्ये 'मला माहीत नाही' हे वाक्य वापरातून काढून टाकण्यात आलेलं आहे. (भुयारी रेल्वेत ते कधी नव्हतंच.)

एका शनिवारी नेब्रास्काचे वर्लिन हस नवा सूट चढवून या रेल्वेत शिरले. दुपारी एक वाजता ब्रुकलिनच्या चर्चमध्ये त्यांच्या एकुलत्या एका लेकीचं लग्न होतं. "बाबा, तुमचा हात धरल्याशिवाय मी आत पाऊल टाकायची नाही," असं तिनं बजावलं होतं. गाडी सुटल्यावर त्यांनी सहज विचारलं, "ही ब्रुकलिनला जाते ना हो?"

या शहरात परक्या माणसाकडे बघणं असभ्य समजतात, आणि त्याला रस्ता न सांगणं त्याहून असभ्य. डब्यातली यच्चयावत डोकी वर आली.

"जाते की!" भाजीची पिशवी सांभाळत रोझलिन पिंकसबाई म्हणाल्या.

"शनिवारी कुठली जातेय, मावशी!" बेगल खाणारा डेस्मंड म्हणाला. "काका, तुम्ही पुढच्याला उतरा."

"उतरू नका हो! अख्खा जन्म गेला माझा या गाडीत. हा मला शिकवतोय!"

"तरी अजून पोचला नाहीत ना?"

डब्यातल्या बत्तीसपैकी एकतीस जणांनी मदत केली. बत्तिसावा झोपला होता. जागा झाल्यावर त्यानंही केली. प्रत्येक मार्ग उरलेल्यांनी एकमताने नाकारला. दरम्यान, गाडी आज मार्ग बदलून क्वीन्सला जात असल्याची घोषणा होत होती. पण घोषणेवर विश्वास ठेवणं हे नवखेपणाचं लक्षण मानतात.

क्वीन्सला सगळे उतरले. पिंकसबाईंचं स्टेशन केव्हाच मागे पडलं होतं. "असू दे," त्या म्हणाल्या, "माणसाला वाऱ्यावर कसं सोडायचं?"

वर्लिन रडकुंडीला आले. इतक्यात समोर ब्रुकलिनची गाडी लागली. खरीखुरी. ते धावले, तोच पाठीवर पिशव्या लावलेल्या एका जोडप्यानं त्यांना अदबीनं अडवलं. "साहेब, म्युझियमला कसं जायचं?"

वर्लिन या शहरात आदल्या संध्याकाळी आले होते. म्युझियम कुठल्या दिशेला आहे, याची त्यांना गंधवार्ता नव्हती. ते थांबले, सूट सावरला आणि हात लांब करून म्हणाले, "सोपंय. सरळ जा आणि..."

मागे दारं मिटली.

लेक चर्चच्या दारातच उभी राहिली, म्हणून उशिरा का होईना, लग्न लागलं. तिचे रडून सुजलेले डोळे फोटोत दिसतात.

हसू नका. परवा कोपऱ्यावर एका गृहस्थांनी तुम्हाला पत्ता विचारला आणि तुम्ही छातीठोकपणे डावीकडे हात केलात. ते कुणाच्या लग्नाला निघाले होते, तेवढं तरी विचारायचंत.