मंगळवारी पाचला

गुरम्मा चहाचा कप घेऊन इकराच्या खोलीपाशी आली आणि दारातच थबकली. आत इकरा फोनवर बोलत होती, आणि तिच्या बोलण्यात ‘भूकंप’ हा शब्द आला होता.

लातुरात कुणी भूकंप म्हटलं की लोक कान टवकारतात. गुरम्मा आधी चप्पल शोधायची. किल्लारीकडच्या एका खेड्यातलं तिचं जड मातीच्या छताचं माळवदाचं घर त्र्याण्णव सालच्या त्या पहाटे खाली बसलं आणि तिचा नवरा गुंडप्पा त्यात गेला. उकडतंय म्हणून ती अंगणात निजली होती, म्हणून राहिली. पुढं ती लातुरात आली, क्लासच्या मुलींसाठी मेस काढली, मग मुली ठेवायलाही लागली. पण तिच्या घरात पलंगाच्या वर फळी नव्हती, की दाराला आतून कडी नव्हती. कडीच्या जागी सुतळी होती, ओढली की सुटणारी. नवी मुलगी राहायला आली की जेवणाची वेळ सांगायच्या आधी गुरम्मा तिला पळायचं कुठून ते दाखवायची.

इकरा तीन वर्षं तिच्याकडे होती. बिलोलीच्या मुनीब टेलरची ही मुलगी. ‘नीट’ची परीक्षा दुसऱ्यांदा द्यायची होती आणि ती दोन महिन्यांवर आली होती. मे महिना असल्यानं खिडकीतला कूलर घाटात चढणाऱ्या एसटीसारखा घरघरत होता. त्यामुळं गुरम्माला निम्मं ऐकू येत होतं, निम्मं कूलर खात होता.

“हाव गं नाजिया... मंगळा... पाचचा... आजवरचा सगळ्यात मोठा...” घरघर. “पक्कंच हाय. मोठमोठे शास्त्रज्ञ सांगून राहिले...” घरघर. “आणि हे बघ, अब्बूला एवढ्यात काही सांगू नकोस. घाबरून जातील.”

गुरम्माच्या हातातला चहा बशीत सांडला. तिनं भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. मंगळवार. घड्याळात सकाळचे साडेनऊ झाले होते. पाचला अजून साडेसात तास होते.

आत जाऊन सरळ विचारावं, तर दुसऱ्याचा फोन चोरून ऐकायचा नाही, हा नियम तिनं स्वतःच मुलींना घालून दिला होता. शिवाय पोरीनं बापापासून लपवलं ते त्याला धसका बसू नये म्हणून. शहाणी पोर. तिचं शहाणपण कशाला उघडं पाडायचं? गुरम्मानं चहा परत स्वयंपाकघरात नेऊन ठेवला, गॅस सिलिंडरचं बटण बंद केलं आणि समोरच्या खाजामियाँकडे गेली.

खाजामियाँ रिक्षा चालवायचा. सध्या त्याच्या रिक्षावर एका क्लासचा भोंगा बांधलेला होता.

“खाजा, तुला म्हणून सांगते, बोभाटा करू नको,” गुरम्मा म्हणाली. “आज पाचला भूकंप हाय. मोठ्या शास्त्रज्ञांनी सांगितलंय. पोरं-बाळं घेऊन डाळमिलच्या मागच्या मैदानात जा.”

“या अल्ला! काकू, पक्कं हाय का?”

“शिकलेल्या माणसाच्या तोंडचं हाय.”

खाजामियाँनं शब्द पाळला. बायकोशिवाय कुणाला म्हणून सांगितलं नाही. बायको, बानो, तिनंही बोभाटा केला नाही. शेजारच्या तीन घरांत जाऊन हळू आवाजात सांगितलं. अकरापर्यंत गल्लीतले टीव्ही, गाद्या आणि एक शिलाई मशीन रस्त्यावर आली होती. बारा वाजता कुणीतरी तहसीलला फोन लावला. तिथल्या बाबूनं सांगितलं, “भूकंप आधी कळत नसतो. आमच्याकडं अशी काही माहिती न्हाई.”

“बघा,” बानो म्हणाली, “दडवून राहिले.”

मग मात्र खाजामियाँला राहवेना. एवढा भोंगा आपल्या रिक्षावर असताना माणसं अडकून मेली तर काय तोंड दाखवायचं? त्यानं रिक्षा काढली आणि माईक तोंडाला लावला. “सगळ्यांनी डाळमिलच्या मैदानात चला हो! आज पाचला भूकंप हाय!” पण क्लासची टेप बंद करायची राहिली होती. त्याचं एक वाक्य झालं की भोंग्यातून बाईचा गोड आवाज यायचा, “त्वरा करा! जागा मर्यादित! आजच आपली जागा निश्चित करा!”

मैदानात जागा मर्यादित आहे हे कळल्यावर पलीकडच्या दोन गल्ल्याही पळत सुटल्या.

इकराला गुरम्मानं अभ्यासावरून हाताला धरून उठवलं. चार्जिंगला लावलेला फोनही घेऊ दिला नाही.

“आजी, भूकंपाचं आधी कळत नसतं,” चालता चालता इकरा सांगत होती. “अजून कुठल्याच देशात कळत न्हाई. कोण म्हणलं तुम्हाला?”

“हो गं बाई, न्हाई कळत,” गुरम्मानं तिच्या हातावर थोपटलं. “तू काय सांगू नको. मला समदं समजलंय.”

आजीला काय समजलंय ते इकराला समजेना. पण म्हातारी तिचा हात सोडायला तयार नव्हती, म्हणून ती गप चालत राहिली.

दुपारी मैदानाला जत्रेची कळा आली. मंडपवाल्यानं कापड ताणून सावली केली. बायकांनी चुली मांडून खिचडी टाकली. क्लासची दीडशे पोरं पुस्तकं घेऊन आली, आणि त्यांच्या मागोमाग जीवशास्त्राचे ईश्वरप्पा सर आले. त्यांनी आज सराव परीक्षा ठेवली होती. भूकंपासाठी परीक्षा पुढं ढकलायला ते तयार नव्हते. त्यांनी पोरांना मातीत ओळीनं बसवून पेपर वाटले.

“सर, पाचला भूकंप हाय,” एकजण म्हणाला.

“पेपर साडेचारला सुटतो,” सर म्हणाले.

इकडे ही बातमी मोबाइलवरून नांदेडला पोचली होती. विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकणाऱ्या चुलतबहिणीनं, नाजियानं, ती वाचली आणि इकराला फोन लावला. घंटा वाजत राहिली. नऊदा लावून झाल्यावर तिनं घाबरून काकांना, म्हणजे मुनीबला कळवलं. तो अस्तराचं कापड घ्यायला नांदेडलाच आला होता. त्यानं कापड दुकानातच टाकलं, मिळेल त्या जीपला हात केला आणि वाटेत दोन गाड्या बदलून चार वाजता लातुरात उतरला. गळ्यात मोजमापाची टेप तशीच लोंबत होती.

मैदानात इकरा दिसली तेव्हा ती एका म्हाताऱ्याला पाणी देत होती. मुनीब तिच्यापर्यंत गेला आणि तिचं डोकं, खांदे, हात चाचपत राहिला, जणू शिवण कुठं उसवली ते बघतोय.

“फोन का उचलून नाही राहिली बेटा?”

“घरात राहिला अब्बू. तुम्ही कसे आलात?”

“कसा आलो ते मलाच नाही माहीत.” तो मटकन खाली बसला. “हे भूकंपाचं सांगितलं कुणी?”

ईश्वरप्पा सरांनाही तेच हवं होतं. पेपर गोळा करता करता ते पुढं आले. “हां, कुणी सांगितलं? नाव कळू द्या.”

लोकांनी खाजामियाँकडे बघितलं. खाजामियाँनं गुरम्माकडे. गुरम्मानं पदर सारखा केला आणि सगळ्या मैदानासमोर, खाली बघत, आपला गुन्हा कबूल केला. “मी दाराआडून ऐकलं. चुकलं माझं. इकरा फोनवर म्हणत होती.”

“मी?” इकरा म्हणाली.

“तूच की. मंगळवारी पाचला म्हणलीस. आजवरचा सगळ्यात मोठा भूकंप म्हणलीस.”

इकराचं तोंड उघडंच राहिलं. मग तिनं दोन्ही हात डोक्यावर मारून घेतले.

“आजी! मंगळवारी न्हाई, मंगळावर! मंगळावर पाचचा झाला! पाच रिश्टरच्या आसपास!”

“आज मंगळवारच हाय ना पण,” खाजामियाँ म्हणाला.

“वार न्हाई चाचा, ग्रह! आकाशातला मंगळ! तिथं यंत्र ठेवलंय, त्यानं पकडला भूकंप. झालासुद्धा तो, गेल्या बुधवारी!”

सगळ्यांनी वर आकाशाकडे पाहिलं. खिचडीचा वास तेवढा फिरत होता.

“एवढं टीव्ही-बिवी उचलून आणलं,” बानो अखेर म्हणाली, “आन् भूकंप दुसऱ्याच गावाला?”

त्यावर कुणीतरी फिसकन हसलं, मग दीडशे पोरं हसली, मग सगळे. इकराही हसायला लागली होती, पण गुरम्माला आपलं ऐकणं अगदीच खोटं नव्हतं हे सिद्ध करायचं होतं. “तसं असंल तर अब्बूला सांगू नको, घाबरून जातील, असं का म्हणलीस गं?”

इकराचं हसू जागच्या जागी थांबलं. मुनीबचंही.

“मला काय नको सांगू?”

तिनं पायाच्या अंगठ्यानं माती उकरली. मग एका दमात बोलली. “मी दुसरा फॉर्म भरलाय अब्बू. सरकारी विज्ञान संस्था हाय, पाच वर्षांचा कोर्स. पुढं ग्रहांवर संशोधन करता येतं. मी जीवशास्त्र वाचते वाचते आणि मधीच मंगळाचं वाचत बसते. मला डॉक्टर न्हाई व्हायचं.”

लातुरातल्या कुठल्याही मैदानात करिअरचा विषय निघाला की तो एकट्याचा राहत नाही. “सरकारी हाय म्हणती, बरं हाय,” एकजण म्हणाला. “कटऑफ किती?” दुसऱ्यानं विचारलं. “नोकरी कुठं, मंगळावर?” तिसऱ्यानं. इकरानं सांगितलं की अहमदाबादला, बेंगळुरूला संशोधनाची केंद्रं आहेत, कॉलेजात शिकवता येतं, अवकाशात यानं सोडतात त्या कामातही घेतात. ईश्वरप्पा सर कपाळाला हात लावून म्हणाले, “अगं, तीन वर्षं पेशी शिकवली तुला मी!”

मुनीब गळ्यातली टेप बोटाला गुंडाळत होता आणि सोडत होता.

“त्या भूकंपाचं तिथं करतात काय?” शेवटी त्यानं विचारलं.

“लाटा ऐकतात. मंगळाच्या पोटातून त्या कशा येतात त्यावरून आत काय हाय ते कळतं. तुम्ही दवाखान्यात गेल्यावर छातीला नळी लावून ऐकतात ना, तसं.”

“म्हणजे नळी हायच.” मुनीबनं मान हलवली. मग एकदम म्हणाला, “बेटा, मला वाटलं तुला व्हायचंय डॉक्टर.”

“मला वाटलं तुम्हाला करायचंय!”

“मी कुठं म्हणलो कधी? दहावीला मार्क आले आन् तू रडायला लागली. मी म्हणलो, लातूरला जायचं म्हणून रडून राहिली असंल.”

“मी नको म्हणून रडत होते अब्बू!”

मग मुनीबचे डोळे भरून आले आणि त्याच वेळी त्याला हसूही फुटलं, त्यामुळं तो नक्की काय करतोय ते कुणाला कळेना. बानोनं दोघांपुढे खिचडीच्या ताटल्या ठेवल्या.

भूकंप मंगळावरचा होता हे आता सगळ्यांना पटलं होतं. तरी कुणी उठलं नाही. पावणेपाच झालेच होते. आलोच आहोत तर पाच वाजू द्यावेत, असं एकेकाचं मत पडलं. ईश्वरप्पा सरही, पेपर इथंच तपासतो म्हणून, बसून राहिले.

पाच वाजत आले तशी बोलणी थांबली. गुरम्मानं इकराचा हात घट्ट धरला होता.

“इकरा, तिथं माणसं हायत?”

“न्हाईत आजी.”

“घरं?”

“काहीच न्हाई. नुसती माती आणि दगडं.”

“मग एवढा मोठा भूकंप झाला, तर मेलं कुणीच न्हाई?”

“कुणीच न्हाई.”

“असा बी असतोय होय,” गुरम्मा म्हणाली, आणि तिच्या हाताची पकड सैल झाली. पाच वाजून दहा मिनिटांनी तीच सगळ्यांच्या आधी उठली.

दुसऱ्या दिवसापासून चहा देताना ती रोज विचारायची, “तिकडं काय हललं का गं?” लांबच्या पाहुण्यांची खुशाली विचारावी तशी. हललं असलं तर केवढं हललं ते विचारायची, नसलं तर “बरं झालं” म्हणायची. जुलैत इकरानं दोन्ही परीक्षा दिल्या. विज्ञान संस्थेची यादी लागली तेव्हा ती पेढे घेऊन आधी ईश्वरप्पा सरांकडे गेली. पेशीवरचे सगळे प्रश्न बरोबर आले होते, हे ऐकून सरांनी दोन पेढे खाल्ले. मुनीब बिलोलीत दुकानात येईल त्याला सांगायचा, “पोरगी डॉक्टरच होऊन राहिली. पेशंट जरा लांबचा हाय.”

इकरा कोलकात्याकडे शिकायला गेली, तरी दर मंगळवारी गुरम्माचा फोन ठरलेला. डिसेंबरात एकदा इकराचा आवाज उतरलेला लागला.

“आजी, आता तिकडचं काही कळणार न्हाई. यंत्र बंद पडलं.”

“अगं बाई! काय झालं?”

“उन्हावर चालायचं ते. त्याच्या पत्र्यांवर धूळ साचत गेली, मग ऊनच मिळेना.”

“मग कुणी पुसली न्हाई?”

“तिथं कोण हाय आजी पुसायला?”

मग गुरम्मा म्हणाली, “तू नीट शीक बघ. आन् जाशील तवा एक फडकं घेऊन जा.”