सराईतल्या गुळाचा तपास

बाळापुरात माझ्याइतकं तल्लख डोकं दुसरं नाही. मी शालू, इयत्ता दहावी, खासगी गुप्तहेर. शकुन माझी मदतनीस. माझ्यावर विश्वास ठेवणं हे तिचं काम, आणि ते ती अधूनमधून करते.

प्रकरण गंभीर होतं. जुनी सराई गावाच्या श्रमदानानं दुरुस्त करून तिथं मुलींचं वाचनालय व्हायचं होतं. जुन्या भिंतींना जुनाच गिलावा: चुना, बेलफळाचा गर, गुळाचं पाणी. पण कोपऱ्यातला गूळ रोज कमी होत होता! महिनाअखेर गिलावा झाला नाही, तर सराई कापसाच्या गोदामाला जाणार. शकुनच्या घरी खोली एक, माणसं नऊ; तिनं मॅट्रिकचा अभ्यास करायचा कुठं?

"चोर मी पकडते," काम पाहणाऱ्या दुर्गाबाईंना मी म्हटलं.

"पकड माय. पन चुन्यात पाय नोको देऊ."

"नाही देत," मी चुन्यातूनच म्हटलं.

गुळाशेजारी बाज टाकून चौकशी मांडली. गवंडी देवरावांची मिशी चिकट होती!

"पोरी, तेल हाय ते!"

मग सिमेंटवाले ओमप्रकाश. गूळ संपला की सिमेंट खपणार!

"मले तं डाक्टरनं गोड बंद केलं," म्हणत त्यांनी हातातला खडा तोंडात टाकला. सुटले.

केशरबाईंची बकरी फार निरागस दिसत होती, म्हणून तिच्यावर पाळत ठेवली. अर्धं गाव जबानी देऊन गेलं. काही जण तर दोनदा आले. माझ्या प्रश्नांची जादू! गूळ मात्र आता दुपटीनं घटू लागला. म्हणजे चोर घाबरला होता.

तेवढ्यात दुर्गाबाई आल्या. शकुन केशरबाईंसमोर लोटा आणि गूळ ठेवत होती.

"काय करून राहिली वं?"

"आल्या मानसाले नुसतं पानी कसं द्यावं, मावशी? आंधी श्रमदानवाल्याइले देत होती, आता शालूच्या साक्षीदाराइले."

माझ्या हातातही एक खडा होता. पुरावा म्हणून मी तो गिळला.

"ज्यानं खाल्ला," दुर्गाबाई गरजल्या, "त्यानं घरून आनावा!"

संध्याकाळी सगळे साक्षीदार गूळ घेऊन हजर. ओमप्रकाशांची भेली सर्वांत मोठी. डॉक्टरांनी बंद केलेलं सगळं गोड घरात साठलं होतं म्हणे.

गिलावा वेळेत झाला. शकुन आता तिथंच खिडकीत बसून वाचते. पाहुण्यांना नुसतं पाणी.

मी मात्र नव्या कामात आहे. तिच्या मागच्या भिंतीवर मुंग्यांची संशयास्पद टोळी रोज जमते. शकुन म्हणते, भिंत गोड आहे म्हणून.

किती भोळी!