मुख्याध्यापकांच्या नीतीची पाहणी

श्रीशारदा साक्ष, खडू आणि फळा साक्ष. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, पौषमासी विद्यालयराज्यात वर्तले ते लिहिले. पदरचे घातले नाही.

ते समयी राजेश्री बळवंतराव डिंगणकर मुख्याध्यापक गादीवर होते, आणि पदरी बावीस शिक्षक सरदार, त्यांत यशोधराबाई खैरमोडे भूगोलाच्या. बाईंची उमेदवारीची तीन वर्षे भरली होती, आणि नोकरी कायम करण्याचा कागद सरांच्या मेजावर सहीवाचून पडला होता. तों वरिष्ठ दरबारातून प्रश्नावली आली की, 'आपला प्रमुख आपली चूक आपण पत्करितो काय? दाखला द्यावा. नाव लिहू नये.' आणि खाली हुकूम की, भरले कागद प्रमुखाचेच हाती द्यावे. काय ही अक्कल! जे सर दर सोमवारी सर्वांच्या टाचणवह्या तपासीत, त्यांस बावीस जणांची अक्षरे पाठ. मग एकवीस सरदारांनी 'होय' लिहिले. पाण्यात राहून माशाशी वैर कोण करी? बाई मात्र लेखणी धरून बसल्या. सहामाहीस सरांनी कपाट उघडे टाकिले, प्रश्नपत्रिका फुटली, आणि ठपका धोंडीबा शिपायावर ठेवून त्याची वेतनवाढ रोखिली. हे बाईंनी डोळ्यांनी पाहिले होते. बाईंस भय वाटले, घरी थकलेले वडील आठवले, तरी 'नाही' लिहिले आणि दाखलाही लिहिला.

तिसरे दिवशी सरांनी पाचारण केले आणि म्हणाले, "बाई, हे अक्षर तुमचे."

"होय सर, माझंच."

"हा कोरा कागद घ्या, नव्यानं भरा. मी इकडे तुमच्या नोकरीच्या कागदावर सही करतो. तुम्ही शहाण्या आहात, जास्त काय सांगू?"

मग बाई समोरच्या खुर्चीवर बसल्या आणि सुवाच्य अक्षरात पुन्हा 'नाही' लिहिते जाहल्या, आणि कपाटाच्या दाखल्याखाली दुसरा दाखला घातला की, आजची भेट. सरांनी तो वाचिला, आणि लेखणीस टोपण लाविले.

पुढे प्रश्नावल्या वर गेल्या, त्यांत बाईंचा भरला कागद वाटेत गहाळ जाहला म्हणतात. वरून निवाडा आला की, या विद्यालयी नीती शेकडा शंभर, आणि सरांस शालश्रीफळ पावले. बाईंस कायम केले नाही. निरोपाचे दिवशी एकवीस सरदारांनी बाईंस एकेकट्याने जिन्यात गाठिले, आणि मागेपुढे पाहून हळूच म्हणाले, "बाई, मीही 'नाही'च लिहिणार होतो." बाईंस फार वाईट वाटले.

येणेप्रमाणे बावीस शिक्षकांची मते घेतली. एकवीस जिन्यात मिळाली. एक कागदावर होते, ते गहाळ आहे.