गळा, ठेका, खर्ज आणि इतर

समाज परस्परांवरील विश्वासावर उभा असतो, असे शाळेत शिकवतात. प्रत्यक्षात तो एकाच वेळी पुष्कळ आवाज होत असल्यामुळे उभा असतो. चार माणसे जमली की कोणीतरी गातो, कोणीतरी वाजवतो, कोणीतरी खुर्ची सरकवतो, आणि या सगळ्याच्या आडोशाने उरलेली माणसे खरे बोलून घेतात. त्यांचे मन हलके होते, गाणाऱ्याचा मान राहतो आणि कार्यक्रम यशस्वी झाल्याचे सर्वांना सांगता येते. ही व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या विनातक्रार चालली होती. ती एका रविवारी दुपारी काटेसाहेबांच्या बैठकीच्या खोलीत बंद पडली.

काटे हे साहेबांचे आडनाव नव्हे. ते वजने-मापे खात्यात निरीक्षक होते आणि हयातभर त्यांनी दुकानदारांचे काटे तपासले, म्हणून बाजाराने त्यांना हे नाव बहाल केले होते. मापात पाप त्यांना खपत नसे. त्यांनी पितळी वजनांची पेटी उघडली की भल्याभल्या व्यापाऱ्यांच्या तोंडचे पाणी पळे. असा अधिकारी निवृत्त होतो तेव्हा खात्याला दुःख होणे भाग असते, आणि त्या अर्थाचे परिपत्रक वेळेवर निघालेही होते.

निरोप समारंभात साहेबांनी एक जुने प्रेमगीत म्हटले. साथीला खात्याचाच वाद्यवृंद होता : किबोर्डवर टायपिस्टबाई, बास गिटारवर जीपचा ड्रायव्हर आणि ड्रमवर भांडारपाल. गाणे संपल्यावर टाळ्यांचा असा कडकडाट झाला, आणि तो इतका वेळ चालला, की साहेबांना दोनदा चष्मा काढून डोळे पुसावे लागले. हे सगळे कार्यालयाच्या रेकॉर्डरवर टिपले गेले. रेकॉर्डर पहिल्या रांगेत, साहेबांच्या पत्नीच्या, म्हणजे वहिनींच्या, खुर्चीखाली ठेवला होता. (त्या काळी ही जागा सुरक्षित समजली जाई.)

निवृत्तीनंतर साहेबांच्या घरी येणाऱ्याला आधी पाणी, मग हे गाणे आणि मग चहा मिळे. चहा आधी दिल्यास पाहुणे तो संपवून उठतात, असे अनुभवास आले होते. गाणे ऐकलेल्या पाहुण्यांपैकी शंभर टक्के पाहुण्यांना ते आवडले. पुन्हा ऐकण्याची इच्छा दोघांनी व्यक्त केली. त्यांतले एक कानाने अधू होते आणि दुसऱ्यांचे साहेबांच्या मेहुण्याकडे काही काम अडले होते.

एकच गोष्ट साहेबांना सलत असे. भांडारपालाचा ड्रम. "दुसऱ्या कडव्यात नेमका मी रंगात येतो आणि हा मध्येमध्ये कडमडतो," ते म्हणत. "दुधात पाणी, तसा माझ्या गाण्यात तो ड्रम."

साहेबांचे जावई एका कंपनीत संगणकावर बसत. तिथे बसून ते काय करतात हे सासऱ्यांना कधी कळले नव्हते आणि जावयांनाही ते धड सांगता येत नसे. त्या रविवारी जेवणावर त्यांच्या तोंडून निघून गेले की, तयार गाण्यातून एकेक वाद्य बाजूला काढणारे सॉफ्टवेअर आले आहे, ड्रमसुद्धा वेगळा काढता येतो. (सासुरवाडीला गेलेल्या माणसाने भूक दाखवावी, ज्ञान दाखवू नये, असे जाणते लोक सांगून गेले आहेत.) साहेबांनी तिथल्या तिथे हात धुतले.

हे सॉफ्टवेअर गाण्याचे चार वाटे करते. गळा, ठेका, खर्ज म्हणजे बास गिटार, आणि या तिघांत न बसणारे सगळे 'इतर'. प्रशासनाची पद्धतही हीच आहे. कोणत्याही आराखड्याच्या तळाशी 'इतर' असा एक रकाना असतो आणि बहुतेक जनता त्यात राहते.

जावयांनी बटण दाबले. पडद्यावर चार रंगीत पट्ट्या उमटल्या. साहेबांनी आधी आरोपीला हजर करायला सांगितले.

भांडारपालाचा ठेका एकटा वाजू लागला. तो घड्याळासारखा चालला होता. फक्त दुसऱ्या कडव्यात तो जागच्या जागी थबकला, मग एकदम धावला, पुन्हा थबकला. हात सोडून रस्त्यात पळालेल्या पोरामागे आईची जी तारांबळ उडते, तशी त्याची उडाली होती.

"ऐकलंत?" साहेब म्हणाले. "ऐकलंत कसा डळमळतोय?"

पोर कोण, हे जावयांच्या लक्षात आले होते.

"आता माझा गळा लावा. एकटा."

गळा लागला. मुलगी गॅस चालू राहिला का ते बघायला आत गेली. जावई वर पंख्याकडे बघत राहिले. पंखा बंद होता. सुरुवातीच्या ओळीत आवाज जिथून निघाला तिथे तो पुन्हा कधी परतलाच नाही, आणि दुसऱ्या कडव्यात तर तो कोणत्या मुलुखात फिरतोय याचा पत्ता लागेना. साहेबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"या सॉफ्टवेअरची पडताळणी झालेली आहे का?" त्यांनी विचारले.

"म्हणजे?"

"खात्याचा शिक्का कुठाय?"

"बाबा, सॉफ्टवेअरला शिक्का नसतो."

"तरीच," साहेब म्हणाले, आणि शेवटची 'इतर'ची पट्टी लावायला सांगितली.

'इतर'मध्ये आधी टायपिस्टबाईंचा किबोर्ड ऐकू आला. मग खोकला. मग एक खुर्ची. आणि मग, गाणे बाजूला केल्यामुळे अगदी शेजारी बसून बोलावे तसा, उपनिरीक्षकांचा आवाज आला.

"अजून किती कडवी?"

"तीन," हेडक्लार्क म्हणाले. "पण दुसरं ते दोनदा म्हणतात."

"मग ड्रमवाल्याला सांगा ना, जरा जोरात वाजव म्हणावं."

"सांगितलंय. तो म्हणतो, याहून जोरात मारलं तर ड्रम फाटेल."

जावयांचा हात बटणाकडे गेला. साहेबांनी तो धरला. गाणे संपून टाळ्या सुरू झाल्या होत्या आणि त्यांच्या आतून हेडक्लार्क कळकळीने सांगत होते, "थांबू नका! साहेब परत माइककडे वळतायत. टाळी थांबली की दुसरं गाणं सुरू करतील. वाजवा, वाजवा!"

याच गदारोळात, रेकॉर्डरच्या बरोबर वरून, उपनिरीक्षकांच्या पत्नीने विचारले, "घरीपण म्हणतात का हो?"

"रोज सकाळी," वहिनींचा आवाज आला.

"अगं बाई! मग तुम्ही काय करता?"

"मी मिक्सर लावते."

पुढे फक्त टाळ्या होत्या. त्या पुष्कळ वेळ चालल्या.

साहेब उठून स्वयंपाकघरात गेले. वहिनी कपबश्या पुसत होत्या. भिंत पातळ असल्यामुळे त्यांना सगळे कळले होते.

"तू मिक्सर लावायचीस?"

"हो."

"वाटायला काही नसलं तरी?"

"तसं असेल तर पाणी घालून लावायचे. रिकामा लावला की जळतो. पहिला तसाच गेला."

साहेबांनी ओट्यावरच्या मिक्सरकडे पाहिले. हा तिसरा होता. आपली बायको वाटणघाटणात फार कष्ट घेते, असे ते चारचौघांत अभिमानाने सांगत आले होते.

"मला सांगितलं का नाहीस कधी?"

"सांगितलं असतं तर तुम्ही गाणं थांबवलं असतंत."

साहेबांचा चेहरा जरा निवळला. "मग?"

"मग बोलत बसला असतात."

दुसऱ्या दिवसापासून साहेबांनी गाणे बंद केले आणि चौकशी सुरू केली. एक काटा खोटा निघाला की बाजारातले सगळे तपासायचे, हा त्यांचा शिरस्ता होता. त्यांनी घरातली ध्वनिमुद्रणे आणि व्हिडिओ बाहेर काढले : वाढदिवस, सत्कार, निवृत्तीनंतरच्या वर्षी झालेले मुलीचे लग्न. लग्नाच्या व्हिडिओतून बँड काढून टाकल्यावर व्याह्यांचा आवाज मोकळा झाला. "मुलगी सोन्यासारखी आहे. बाप गातो, पण तो थोडाच आपल्याकडे राहायला येणार आहे?" त्यावर एक तरुण आवाज म्हणाला, "आणि बाबा, सोपं असतं ते. 'वा' म्हटलं की चहा येतो." हा आवाज नवऱ्या मुलाचा होता. त्याच क्षणी जावयांच्या संगणकात बिघाड झाला आणि त्यांच्या तज्ज्ञ मतानुसार तो दुरुस्त होण्यापलीकडचा होता.

पण बातमी फुटायची ती फुटली. मुलीने ती एकाच मैत्रिणीला, कोणाला सांगू नकोस असे बजावून, सांगितली होती. त्यामुळे ती दोन दिवसांत सर्वत्र पोचली. काटेसाहेबांकडे गाणे सोलून आतली माणसे काढायचे यंत्र आहे, हे कळल्यावर आजवर कुठल्याही समारंभाला हजर राहिलेला प्रत्येक इसम विचारात पडला.

उपनिरीक्षक फळांची करंडी घेऊन आले.

"साहेब, तो आवाज माझा नव्हता."

"कुठला?"

"जो असेल तो."

हेडक्लार्क आले आणि पाणी पिण्याच्या आधीच ते गाणे ऐकायला मागू लागले. एकंदर सार्वजनिक जीवनाला शिस्त लागली. लग्नात बँड वाजू लागला की वऱ्हाडी ओठ मिटून बसू लागले. काही धोरणी मंडळी मात्र कोणी व्हिडिओ काढताना दिसला की त्याच्या फोनजवळ तोंड नेऊन "वा! काय आवाज! जेवणही उत्तम!" असे स्पष्ट उच्चारात म्हणून ठेवत, म्हणजे पुढेमागे वेगळे काढले तर 'इतर'मध्ये नीट निघावे. समारंभ शोकसभेसारखे होऊ लागले. शोकसभा पूर्वीप्रमाणेच चालू राहिल्या, कारण तिथे मुळात खरे कोणी बोलत नसे.

या सुधारणेचा फटका एकट्या वहिनींना बसला. सकाळी गाणे नव्हते, त्यामुळे मिक्सरही नव्हता. साहेब स्वयंपाकघरात स्टूल टाकून बसत आणि बोलत. वजनांवर गंज कसा चढतो, यावर ते दोन सकाळी बोलले. चौथ्या विषयाला वहिनींनी हात पुसले आणि भांडारपालांना फोन लावला.

"भावजी, पेन्शनर संघाच्या मेळाव्यात यांचं नाव घाला."

"वहिनी, साहेबांची इच्छा आहे?"

"माझी आहे."

मेळाव्याला झाडून सगळे आले, कारण न येणाऱ्याचा काय अर्थ काढला जाईल याची खात्री नव्हती. वाद्यवृंद तोच होता. साहेब माइकसमोर उभे राहिले आणि त्यांनी सुरुवात केली. सभागृहात कोणी खोकले नाही. कोणी खुर्ची हलवली नाही. उपनिरीक्षकांनी तर तोंडावर रुमालच धरला होता. वाद्यवृंदानेही धास्तीने हात आखडते घेतले होते. अशा शांततेत साहेब आयुष्यात कधी गायले नव्हते. त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येऊ लागला. तो त्या चार पट्ट्यांतल्या पहिल्या पट्टीसारखाच होता. सॉफ्टवेअरचे माप बरोबर होते.

दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी त्यांचा स्वर फाटला. ते थांबले. त्यांनी मागे वळून पाहिले. भांडारपाल दोन्ही काठ्या वर धरून, नजर साहेबांच्या पाठीवर रोखून, थांबला होता. नोकरीतली सगळी वर्षे तो दर संमेलनात असाच थांबत आला असणार, हे साहेबांना तेव्हा दिसले. ड्रम नेहमी पाठीमागे असतो, त्यामुळे इतके दिवस ते बघायचे राहून गेले होते.

साहेबांचा हात माइकवरून खाली आला. कोणी टाळी वाजवेना. ती आता कशी मोजली जाईल, कोणास ठाऊक.

पहिल्या रांगेतून वहिनी, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात, म्हणाल्या, "अहो, थांबलात कशाला? दुसरं कडवं तुम्हाला कधी जमलंय? लग्नाच्या वर्षी नाही जमलं, आज काय जमणार! म्हणून काय ते म्हणायचं नाही? म्हणा."

आधी भांडारपालाला हसू फुटले. मग टायपिस्टबाईंना. मग अख्खे सभागृह फुटले आणि महिनाभर साचलेले सगळे एकदम बोलू लागले. खुर्च्या सरकल्या, कोणी पाणी मागितले, उपनिरीक्षकांनी रुमाल काढून शेजाऱ्याच्या कानात काहीतरी सांगितले. साहेबांनी वहिनींकडे पाहिले. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि माइकवरून मागे वळून म्हणाले, "भांडारपाल, जरा जोरात येऊ द्या."

दुसरे कडवे त्यांनी दोनदा म्हटले. ते दोन्ही वेळा वेगवेगळ्या प्रकारे चुकले. टाळ्या भरपूर पडल्या. कशासाठी, याची चौकशी साहेबांनी केली नाही.

काटेसाहेबांच्या या फजितीला आपण मनसोक्त हसला असाल, तर हसण्यास हरकत नाही. फक्त हसताना आजूबाजूला कोणाचा फोन चालू नाही ना, एवढे पाहावे. ते सॉफ्टवेअर आता सर्वांना फुकट मिळते. मागच्या लग्नात बँड जोरात असताना शेजारच्या खुर्चीकडे झुकून तुम्ही यजमानांबद्दल जे बोललात, ते तुम्हाला आता आठवतही नसेल. काळजी नसावी. व्हिडिओ त्यांच्याकडे आहे.